पायाळूची पाठ

कापूस फुटला की आमच्या गिरणीवर दळणापेक्षा पाठीच जास्त येतात.

दिंद्रुडपासून थोडं आत आमचं गाव, आणि घराला लागून माझी पिठाची गिरणी. दसरा झाला, रानं पांढरी दिसायला लागली, की सकाळी मी बटन दाबायच्या आधीच ओट्यावर बाया येऊन बसलेल्या असतात. कुणाजवळ ज्वारीचा डबा असतो, कुणाजवळ नसतो. जिच्याजवळ डबा नाही तिला काय पाहिजे हे विचारावं लागत नाही. ती एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्यानं भिंत धरून बसते. वेचणीत दिवसभर वाकायचं, कमरेला बांधलेली ओटी भरत गेली की ती कंबर आणखी पुढे ओढते, आणि संध्याकाळी सरळ व्हायला गेलं की पाठीत चमक भरते. आमच्याकडे तिला उसण म्हणतात. उसणीवर गावात एक इलाज आहे, आणि तो इलाज मी आहे.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. अशा माणसानं पाठीवर पाय फिरवला की उसण उतरते, असं आमच्या भागात मानतात. बाई उंबऱ्यात पालथी झोपते. मी चौकट धरून डाव्या पायाचा तळवा तिच्या मानेखालून माकडहाडापर्यंत आणते, शेवटी टाचेनं एक हलकी लाथ मारते, आणि तिनं मागं न बघता उठून चालायला लागायचं. एवढाच विधी.

यंदा पहिली आली ती माझी मुलगी, कोमल.

कोमल पोलीस भरतीची तयारी करते. माजलगावला मैत्रिणींबरोबर खोली करून राहते, दिवाळीला घरी आली की उजाडता उजाडता कॅनॉलच्या रस्त्यावर पळते, परत येऊन परड्यात गोळा फेकते. त्या दिवशी ती पळायला गेली नाही. उंबऱ्यात चटई टाकली, पालथी झाली आणि म्हणाली, "मम्मी, पाय लाव गं. पळताना कंबर धरती."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले. एकदा ह्या कुल्ल्यात दुखतं, एकदा त्या. सकाळी तर उठूच वाटत न्हाई."

"आन् दुपारी?"

"दुपारी कायच न्हाई. एकदम मोकळं. मला बी कळंना झालंय."

मी उचललेला पाय खाली ठेवला. ती घरी आल्यापासून तिला अंथरुणातून उठताना मी बघत होते. आधी कुशीवर वळायचं, मग दोन्ही हात टेकून बसायचं, मग भिंतीला हात, मग कंबर. ही उठायची रीत कुणी कुणाला शिकवत नाही. मी ती जवळजवळ वीस वर्षं करते आहे.

"उठ," मी म्हणाले. "तुझी ही उसण न्हाई."

"मग काय हाय?"

"अंबाजोगाईला जाऊ. डॉक्टर सांगतील."

तशी ती चटकन उठून बसली, आणि बसताना तिचं तोंड वाकडं झालं. "भरती तोंडावर आलीय मम्मी. आता एक्स-रे बिक्स-रे काढून एखादा रोग निघाला तर मेडिकलला बाहेर काढतेत. तू नुसता पाय लाव."

मी गिरणी चालू केली. पट्ट्याच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नाही, ही त्या यंत्राची एक सोय आहे.

*

लोक माझ्या पायाला मान देतात, म्हणून लहानपणीच मला त्याचा वीट आला होता. ढग वाजले की आई मला आतल्या खोलीत कोंडायची, कारण पायाळूवर वीज पडते. एकदा एक माणूस डोळ्यात घालायचं काजळ घेऊन आला आणि मला माळावर न्यायचंय म्हणाला, कारण पायाळूला जमिनीतलं धन दिसतं. मामानं त्याला बाहेर काढलं. पुढे वीज पडली नाही, धनही दिसलं नाही. पाठी मात्र आल्या, माहेरीही आणि सासरीही. सासरी आल्यावर आठ दिवसांत गावाला कळलं, आणि नव्या नवरीनं शेजारच्या म्हाताऱ्यांना लाथा मारायला सुरुवात केली.

यावर तुमचा विश्वास आहे का, असं शिकलेली माणसं विचारतात. दिवसभर वाकलेली बाई थोडा वेळ पालथी पडते, तेवढ्यात तिला कुणी हाक मारत नाही, कुणी चहा मागत नाही, आणि दुसरं एक माणूस तिच्या पाठीकडे लक्ष देतं. एवढ्यानं बरं वाटत असेल तर मी कशाला मोडता घालू? ज्यांना वाटत नाही ते पुन्हा येत नाहीत. आमच्या गिरणीची मोटर जळली की तारा भरून देणारे रशीदभाई मात्र दर हंगामात येतात. पाणी उपसायच्या मोटरी उचलून त्यांची कंबर कायमची गेली आहे. उंबऱ्यात झोपले की ओरडतात, "भाभी, जरा धीरे! पाठ हाय माझी, हापशाचा दांडा न्हाई!"

"मग मोटरी उचलता कावून एकट्यानं?"

"बेगम उचलू लागंना म्हणून!"

ओट्यावरच्या बाया हसतात. रशीदभाई मागं न बघता लंगडत जातात. या दुखण्यात हसणारी माणसं मला आवडतात. माझ्या बाबतीत हसणं थोडं अवघड झालं आहे, कारण हसताना बरगड्या दुखतात.

*

कोमल पाचवीत होती तो हंगाम मला विसरायचा म्हटला तरी विसरता येत नाही, कारण तो माझ्या मानेत आहे.

त्या वर्षी कापूस दृष्ट लागावी असा आला होता. एकेका पऱ्हाटीवर पानांपेक्षा बोंडं जास्त. सकाळी रानात गेलं की दवानं सगळं ओलं असायचं, आणि ओला कापूस वेचला की काळवंडतो म्हणून ऊन चढेपर्यंत आम्ही बांधावर बसायचो. दव वाळायला आणि माझी पाठ सुटायला सारखाच वेळ लागायचा. आधी घरून बांधापर्यंत यायचं म्हणजे जीव जायचा. रात्रभरात पाठीचं लाकूड झालेलं असायचं. पाऊल टाकलं की कळ डोक्यात. आणि मग ऊन, चालणं, वाकणं, हात चालायला लागणं. दुपार होईपर्यंत मी इतर बायांच्या पुढे असायचे. बोंडांची सुकलेली टोकं नखात शिरायची, बोटं सोलायची, तळहाताला त्या झाडाचा कडवट वास चिकटायचा, पण पाठ माझी असायची.

हीच माझी अडचण होती. माणूस आजारी असेल तर काम केल्यावर त्याचं दुखणं वाढायला पाहिजे. माझं कमी व्हायचं. माझी जाऊ सुमन, जिभेची तिखट आणि हाताची चपळ, ती शेजारच्या ओळीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्या मीराबाईचं लई भारी हाय. सकाळी म्हातारी, दुपारी नवरी!"

बाया हसायच्या. मीही हसायचे. काय सांगणार होते? मला स्वतःलाच ते कळत नव्हतं. कोमलच्या वेळच्या बाळंतपणानंतर हे सुरू झालं होतं, म्हणून सगळ्यांनी ते बाळंतपणाच्या खात्यात टाकलं. अंगात वारं शिरलं, शेक नीट झाला नाही, डिंक कमी पडला. माजलगावच्या दवाखान्यात एकानं पट्टा दिला, एकानं हाडं ठिसूळ झाली म्हणून सांगितलं. दुखणं सकाळी यायचं आणि दवाखाना दुपारी उघडायचा. तिथे पोहोचेपर्यंत मी धडधाकट.

मग एका दुपारी सुमननं मागून हाक मारली. मी बघायला मान वळवली तर मान वळली नाही. डोळे वळले, खांदे वळले, शेवटी पाय वळवून अख्खी मी वळले. सुमन काहीतरी चेष्टेत बोलणार होती ती माझं तोंड बघून थांबली. "काय गं, काय झालं?" एवढंच म्हणाली. मी म्हणाले, काही नाही. पण संध्याकाळी तिनंच घरी सांगितलं, आणि पहिल्यांदा घरातल्यांनी माझं दुखणं मनावर घेतलं.

पायाळूच्या पाठीला पाय कुणाचा, हा पहिला प्रश्न पडला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, शेजारच्या गावातून एक म्हातारा पायाळू बोलावला. तो आला, चहा प्यायला, मला बघितलं आणि हात झटकले. "पायाळूला पायाळूचा पाय चालत न्हाई. दोघांच्या बी पायाचा गुण जातो," म्हणाला. मग सगळ्यांनी मिळून दुसरा इलाज ठरवला. मीराला आराम द्यायचा.

*

त्या घरात मला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रेम ते होतं, हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं सांगताना मी कृतघ्न वाटेन.

आमचे हे फार बोलणारे नाहीत. त्यांनी पहिल्या वेचणीचा, सगळ्यात लांब धाग्याचा कापूस बाजूला काढून सरकी काढून आणला आणि करीमचाचा नदाफांना बोलावलं. करीमचाचांनी अंगणात सावलीला बसून दिवसभर पिंजलं. त्यांच्या धनुकलीचा तो टंग्-टंग् आवाज, आणि अंगणभर उडणारी कापसाची म्हातारी. कोमल ती पकडायला नाचत होती. संध्याकाळी वीतभर जाड गादी तयार झाली, आणि दोन उशा. मला लग्नातसुद्धा अशी गादी मिळाली नव्हती. चाचा टाके घालताना म्हणाले, "बेटी, इसपे सोयेगी तो दर्द भूल जायेगी."

आत्याबाई म्हणाल्या, "आता हालायचं न्हाई. लई केलंस तू." आयुष्यात एकदाच म्हणाल्या. सुमननं गिरणी सांभाळली, वेचणी सांभाळली, माझ्या वाटच्या भाकरी थापल्या, आणि टोमणा एकही मारला नाही.

मी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्या गादीत होते.

आराम करणं मला येत नव्हतं, पण शिकले. पडल्या पडल्या घर ऐकायला शिकले. चुलीशी सुमनच्या बांगड्या, गिरणीचा पट्टा ढिला झाल्यावर होणारा सुर्रर्र आवाज, अंगणात ओतलेल्या कापसात कोमल उड्या मारते ते, आणि तिला रागवणारे हे. खिडकीतून थंडीचं ऊन पायांपर्यंत यायचं आणि तिथूनच परत जायचं. दुखणं रोज वाढत होतं. आधी सकाळचं होतं ते दिवसभराचं झालं. पाठीतून मानेत, मानेतून दोन्ही खांद्यांत. जितकं दुखेल तितकं घरचे म्हणायचे, आराम कमी पडतोय. पाणी हातात, जेवण हातात. मला फक्त एका स्थितीत बरं वाटायचं. दोन्ही उशा पाठीशी, हनुवटी छातीकडे, गुडघे पोटाशी. म्हणून मी तशीच बसून राहायचे. कुणी उठवायला आलं की रडायचे. मी रडते हे बघून कुणी उठवायचं नाही.

संक्रांतीला हळदीकुंकवाला बाया आल्या तेव्हा मी उठून उभी राहिले. सणाच्या दिवशी पडून राहणं मला पटेना. सुमन कुंकवाची कोयरी घेऊन पुढे आली, माझ्या कपाळाकडे हात नेला आणि खाली वाकली.

"मान वर कर की."

"करते."

"आगं वर कर ना, कपाळ दिसंना."

"केलीय सुमन. एवढीच होती."

खोलीत बऱ्याच बाया होत्या. तिळगुळाचं ताट कुणाच्या तरी हातात तसंच राहिलं. सुमननं गुडघ्यावर बसून मला खालून कुंकू लावलं, जसं लहान लेकराला लावतात.

*

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा भिंतीला, ढुंगण भिंतीला, आता डोकं टेकवा म्हणाले. मी टेकवायला गेले. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये त्यांचा हात घालून त्यांनी ह्यांना दाखवलं. हात सहज आत-बाहेर जात होता.

हा मणक्याचा संधिवात आहे, ते म्हणाले. म्हातारपणी झीज होते तो नव्हे, त्याच्या आधी, तरुणपणीच सुरू होणारा. यात मणक्यांमधले सांधे सुजतात आणि सूज जुनी झाली की मणके एकमेकांना धरून बसतात. फोटोत त्यांनी दाखवलं. पाठीचा कणा नव्हता तो, बांबू होता, पेरंसुद्धा तशीच. बाळंतपणाचा संबंध नाही, डिंकाचा नाही. हे दुखणं आरामानं वाढतं आणि हालचालीनं कमी होतं.

"झोपून राहायला कुणी सांगितलं होतं?"

"सगळ्यांनीच."

"मऊ गादीवर, दोन उशा घेऊन?"

हे म्हणाले, "गादी मी करून घेतलती, सायेब. आमच्याच कापसाची."

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं पेन खाली ठेवलं. एका हंगामात मणके गोठत नाहीत, हे सगळं आधीपासून चालू होतं, असं त्यानं दोनदा सांगितलं. पण मानेचा जो भाग अजून हलत होता, तो या दोन महिन्यांत वाकडा बसला, हेही सांगितलं, कारण ते आम्हाला कळणारच होतं. "हे सांधे पुढेमागे जुळतीलच. आता जे मोकळे आहेत ते सरळ जुळू द्या, एवढंच आपल्या हातात आहे," म्हणाला. लाकडी फळीवर झोपायचं, उशी नाही, रोज चालायचं, रोज पालथं पडायचं, गोळ्या जेवणानंतर. आणि शेवटी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे? मुलंबाळं?"

"एक मुलगी हाय. चांगली उड्या मारती."

"लक्ष ठेवा. मोठी झाली आणि सकाळी अंग आखडतं म्हणाली, तर वेळ घालवू नका."

घरी आल्यावर ह्यांनी गादी उचलली, माळ्यावर टाकली आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. चूक जर द्वेषानं झाली असती तर भांडता आलं असतं.

*

तेव्हापासून मी या पाठीबरोबर राहते. कशी राहते हे लोक विचारतात, विशेषतः ज्यांचं नुकतंच सुरू झालं आहे ते. शूरपणा काही लागत नाही, सोयी लागतात. सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच पाय हलवायचे, मग आंघोळीचं पाणी चटका बसेल इतकं कढत, ते मानेवर. गिरणीजवळ मी विटांचा चौथरा बांधून घेतला, त्यावर उभं राहिलं की डबा डोक्यावर न उचलता गिरणीच्या तोंडात ओतता येतो. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्या सुमनच्या, खालच्या माझ्या. रस्ता ओलांडताना बैलगाडीसारखं अख्खं वळायचं. शिंक आली तर भिंत धरायची. रोज दोनदा पालथं पडायचं, आणि ज्या उंबऱ्यात मी लोकांना पाडते तिथे पडायचं नाही, नाहीतर गर्दी जमते.

काही गोष्टींना सोय नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी पाणी वरून प्यायची रीत आहे. तांब्या तोंडाला लावायचा नाही. मला मान मागे टाकता येत नाही, म्हणून वरून पिता येत नाही. लोकांचा तांब्या उष्टा होऊ नये म्हणून माझा पेला पिशवीत असतो. तो बाहेर काढला की यजमानीण नाराज होते. तिला वाटतं, मी तिच्या घरचं भांडं नको म्हणते. किती जणींना समजावणार? एसटीची पाटी वर असते, ती मला वाचता येत नाही. स्टँडवर मी विचारते, कुठली गाडी? एक पोरगा म्हणाला, "शिकल्या न्हाईत का मावशी?" म्हटलं, "शिकले बाबा, पण पाटी वर लावलीय तुमी." कोर्टाच्या, बँकेच्या खिडकीसमोर मी उभी राहिले की आतला माणूस समजतो बाई गरीब स्वभावाची आहे. बाकीचे समजतात रागात आहे. मी दोन्ही नसते.

एकदा पावसाळा संपता संपता कपिलधारला गेलो होतो. कोमल तेव्हा आठवीत. धबधबा जोरात होता, आवाजानं छाती हादरत होती. सगळी माणसं वर बघत होती. मला दिसलं ते खाली आदळून फुटलेलं पाणी, खडकावरचं शेवाळ आणि माणसांची पावलं. कोमल माझ्या कानाशी ओरडून सांगत होती, वर झाड हाय, तिथून दोन धारा होतेत, मधी एक दगड हाय, तिथं पुन्हा एक होती. ती सांगत गेली आणि मी खाली बघत ऐकत गेले. मग ती दमली आणि म्हणाली, "जाऊ दे, येतं ते खालीच येतंय."

*

तर यंदाचा हंगाम. कोमल तीन-चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिनं तिच्या वडिलांना गाठलं. जेवताना हे म्हणाले, "भरती होऊ दे की. एकदा वर्दी अंगावर चढली की मग दवाखाना बघू. पोरीनं दोन वर्षं घाम गाळलाय."

"दोन वर्षं मी बी घालवली हुती," मी म्हणाले, "माजलगावच्या त्या पट्ट्यात."

"तुझं येगळं हुतं."

"कसं येगळं?"

त्यांनी भाकरी मोडली. त्यांना ते वेगळं असायला हवं होतं. मलाही हवं होतं. पोरीला उसणच असावी, गोळा फेकताना लचक भरलेली असावी, असं मला किती वाटत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी मी तिला उंबऱ्यात झोपवून पाय फिरवलासुद्धा, तिनं हट्ट धरला म्हणून. उठून दारापर्यंत गेली, मागं न बघता. मग दार धरून उभी राहिली.

"उतरली?" ओट्यावरची एक बाई म्हणाली.

"व्हय," कोमल म्हणाली, आणि तिथेच थांबली, कारण तिला पायरी उतरता येत नव्हती.

मी गिरणी बंद केली. आत गेले, लुगडं बदललं, पिशवीत पेला टाकला. "चल," म्हटलं. "आत्ताच. ही सकाळ डॉक्टरला दिसली पायजे. दुपार झाली की तू बी नवरी होशील."

त्या दिवशी ती वाद न घालता आली.

डॉक्टर तेच होते, केस पांढरे झालेले. साध्या फोटोत काही नव्हतं. मग मोठ्या मशीनमधला फोटो काढला, रक्त तपासलं. कंबर आणि खुब्याच्या जोडावर सूज दिसली. सुरुवात आहे, म्हणाले. मणके मोकळे आहेत. बरं झालं आत्ता आणलंत.

कोमलनं विचारलं, "पळू का नको?"

"पळ. सोसेल तेवढं पळ. बसून राहिलीस तर मी रागवेन."

"आन् भरतीच्या मेडिकलला काय सांगायचं?"

"विचारलं तर खरं सांगायचं. ते काय ठरवतील हे मला सांगता येणार नाही." मग थोडं थांबून, "गोळ्या मात्र त्यासाठी बंद करायच्या नाहीत. तसं बऱ्याच जणी करतात."

तिनं मान हलवली. हो आणि नाही, दोन्ही बाजूंना, वर आणि खाली. किती सहज हलते मान, हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिले.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस होता, वेचायचा राहिलेला, उन्हात लोंबणारा. मला तिच्याकडे वळता येत नव्हतं, म्हणून आम्ही दोघी समोरच्या बाकाकडे बघत बोललो.

"मम्मी, तुला बी असंच व्हायचं? सकाळी?"

"व्हय."

"सगळं अंग दुसऱ्या कुणाचं असल्यावानी?"

"व्हय."

"मी शाळेत जायची तवा बी? डबा करून द्यायचीस तवा?"

"डबा दुसरं कोण करणार हुतं?"

गाडीनं दोन गावं घेतली, माणसं चढली, उतरली. मग ती म्हणाली, "मला वाटायचं तुला काम नको असतं सकाळचं. पप्पा बी तसंच म्हणायचे. चुलती बी."

"समद्यांनाच वाटायचं."

"मला आता कळलं."

सकाळी माझ्या अंगात काय होतं ते घरातल्या एका तरी माणसाला आतून कळावं, अशी मी किती वर्षं इच्छा धरली होती. नवऱ्याला एक सकाळ द्यावी, सुमनला एक द्यावी, आत्याबाईंना त्या असेपर्यंत एक द्यावी, फक्त एक, मग परत घ्यावी. ते कळलं. आणि ज्या जिवाला कळलं त्याच्याकडून ते परत घेता येणार नाही.

"मम्मी, रडती का तू?"

"न्हाई. तू वाकून बसलीयस. पाठ लाव मागं."

तिनं पाठ बाकाला लावली. मला तिच्याकडे बघता आलं नाही. पण आमचे खांदे एकमेकांना लागलेले होते, आणि ती सरळ होत गेली तसा तिचा खांदा माझ्या खांद्याच्या वर सरकत गेला, सरकत गेला, आणि तिथे थांबला, तेवढं मला कळलं.